एका शब्दाचा निवाडा

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत वक्त्यानें गतवर्षांचा आढावा घ्यावा, उपकारकर्त्यांचे आभार मानावे आणि पुढील पिढीस हिताच्या दोन गोष्टी सांगाव्या, अशी आपल्याकडे रीत आहे. पहिलीं दोन कामें आमच्यापूर्वी बोललेल्या वक्त्यांनीं उत्तम प्रकारें पार पाडलीं आहेत. तिसऱ्या कामासाठीं आम्ही थोडी निराळी वाट धरणार आहों. आम्ही आपणांस एका शब्दाची कथा सांगणार आहों. शब्द इंग्रजी आहे आणि फार जुना आहे. परंतु त्याची कथा ऐकल्यावर तो आपल्या घराण्याचाच एक दूरचा नातलग आहे असें आपणांस वाटल्यावांचून राहणार नाहीं.

तो शब्द म्हणजे 'डूम'. आजच्या इंग्रजींत त्याचा अर्थ नाश, सर्वनाश, न टळणारें अशुभ भवितव्य असा होतो. 'डूम्सडे' म्हणजे जगबुडीचा दिवस, असें आपलीं शाळकरी मुलेंहि सांगतील. रात्रीं उशिरापर्यंत मोबाइलवर एकामागून एक अशुभ वार्ता वाचीत बसण्याच्या संवयीला हल्लीं जें 'डूमस्क्रोलिंग' असें नांव पडलें आहे, त्यांतहि हाच शब्द आहे. परंतु बाराशें-तेराशें वर्षांपूर्वी इंग्लंडांत हा शब्द 'डोम' असा उच्चारीत असत, आणि त्या वेळीं त्याच्या पोटांत कायदा होता, न्यायनिवाडा होता, माणसाची स्वतंत्र इच्छा होती, सत्ता होती आणि कीर्तिहि होती. शिक्षेचा अर्थ त्यांत नव्हता असें नाहीं; पण तो अनेकांपैकीं एक होता. इतक्या अर्थांचा धनी असलेला हा शब्द असा दरिद्री कसा झाला, आणि त्याच्या दारिद्र्यांत आपण ख्रिस्ती जनांचेंहि कांहीं हरवलें आहे काय, हा आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

कोणत्याहि घराण्याची हकीकत मूळ पुरुषापासून सांगावी. सर विल्यम जोन्स यांनीं २ फेब्रुवारी १७८६ रोजीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें भाषण करून, संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एका समान मूळापासून निघाल्या असल्या पाहिजेत, असें प्रतिपादन केलें. पुढच्या पंडितांनीं हा विचार वाढवून इंग्रजी ज्या जर्मानिक कुळांतील आहे त्या कुळाचेंहि नातें नीट लावून दिलें. त्या हिशेबानें 'डोम' हा शब्द आपल्या 'धा' धातूच्या वंशांतला ठरतो. 'धा' म्हणजे ठेवणें, स्थापणें. म्हणून 'डोम' म्हणजे जें स्थापिलें तें, जें घालून दिलें तें. संस्कृतांतला 'धामन्' हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. आपण मराठींत 'धाम' म्हणतों तें केवळ निवासस्थान या अर्थानें. परंतु संस्कृत कोश पाहिल्यास 'धामन्' शब्दाखालीं निवास, नियम, सामर्थ्य व तेज असे अर्थ एका ओळींत बसलेले आढळतात. इंग्लंडच्या किनाऱ्यावर आणि सप्तसिंधूच्या तीरावर, एकमेकांस न पाहिलेल्या दोन लोकसमाजांत एकाच धातूच्या दोन लेकरांनीं जवळजवळ सारखाच संसार मांडावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

याच घराण्यांतले आणखी कांहीं शब्द आपण देवळांत नित्य ऐकतों. 'विधि' आणि 'विधान' हे तर उघडच 'धा' धातूचे. 'श्रद्धा' या शब्दांतहि तोच धातु आहे. हृदय एखाद्या ठिकाणीं ठेवणें असा त्याचा मूळचा भाव पंडित सांगतात. आणि ज्या लॅटिन शब्दानें आपल्या विश्वासांगिकाराचा आरंभ होतो तो 'क्रेदो' हा या 'श्रद्धे'चाच पश्चिमेकडील भाऊ होय. पुढें ठेवलेला तो 'पुरोहित'. आणि लॅटिनमध्यें धर्मगुरूला 'सासेर्दोस' म्हणतात, त्याच्या शेवटच्या अवयवांतहि हाच 'धा' दडलेला आहे. तेव्हां 'डोम' हा आपल्या दारीं आलेला परका पाहुणा नव्हे, हें आपल्या ध्यानीं आलेंच असेल.

आतां या शब्दाचे अर्थ एकेक करून पाहूं.

पहिला अर्थ कायदा. पोप संत ग्रेगरी यांनीं धाडलेले संत ऑगस्टीन आपल्या मठवासी सोबत्यांसह ५९७ सालीं केंट प्रांतांत उतरले. तेथील राजा एथेलबर्ट यानें बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, सन ६०० च्या सुमारास, त्यानें आपल्या राज्याचे कायदे लिहविले. रोमन लोकांचें उदाहरण पाहून राजानें हें काम केलें, पण तें लॅटिनमध्यें न करतां आपल्या लोकांच्या इंग्रजी भाषेंत केलें, असें संत बीड यांनीं आपल्या इतिहासांत नोंदविलें आहे. इंग्रजी भाषेंतील हा सर्वांत जुना कायदेग्रंथ. रॉचेस्टर येथें ११२० नंतरच्या दशकांत केलेल्या नकलेच्या रूपानें तो आजवर टिकला आहे, आणि त्याच्या मथळ्यावर या कायद्यांना नांव दिलें आहे तें 'डोमास', म्हणजे 'डोम' या शब्दाचें अनेकवचन. त्यांतील पहिलेंच कलम देवाच्या व चर्चच्या मालमत्तेविषयीं आहे : ती कोणी चोरल्यास बारापट भरपाई, बिशपची चोरल्यास अकरापट, धर्मगुरूची चोरल्यास नऊपट. पुढें शरीराच्या इजांचा हिशेब येतो. समोरच्या चार दांतांपैकीं एक पाडल्यास सहा शिलिंग, अंगठा तोडल्यास वीस शिलिंग.

आजच्या माणसाला हा दांतांचा बाजारभाव ऐकून हसूं येईल. परंतु त्या काळीं दांताच्या बदल्यांत मुंडकें आणि एका मुंडक्याच्या बदल्यांत कुळेंच्या कुळें कापलीं जात होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या सहा शिलिंगांचें मोल कळतें. सुडाला या 'डोमा'नें माप घालून दिलें. इतकें घे आणि येथें थांब, असें सांगणारा तो शब्द होता.

दुसरा अर्थ निवाडा. न्याय सांगणें या क्रियेला जुन्या इंग्रजींत 'डेमन' म्हणत; त्याचेंच आजचें रूप 'डीम', म्हणजे मानणें, समजणें. आइल ऑफ मॅन या बेटावरील उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना आजहि 'डीमस्टर' हीच पदवी आहे. इंग्लंडांत दहाव्या शतकांत 'हंड्रेड' नांवाच्या लहान विभागांच्या सभा दर चार आठवड्यांनीं भरत. तेथें राजाचा एकटा न्यायाधीश बसून निकाल देत नसे. जमलेल्या स्वतंत्र माणसांनीं मिळून 'डोम' सांगावयाचा असे. आपल्याकडील गोतसभेची व पंचांच्या निवाड्याची येथें सहज आठवण होते. दोन्ही ठिकाणीं निवाडा सांगणाऱ्याला दुसऱ्याच दिवशीं त्याच वादी-प्रतिवादींच्या शेजारीं नांगर धरावयाचा असे, आणि म्हणून निवाड्याचा हेतु दोघांस पुन्हां एका गांवांत नांदतां यावें हा असे.

तिसरा अर्थ स्वतःची निवड. 'आपल्या स्वतःच्या डोमानें' वागणें म्हणजे कोणाच्या जुलमावांचून, आपल्या विवेकानें ठरवून वागणें. ज्याला न्याय करतां येतो त्यालाच निवड करतां येते, हें त्या लोकांनीं ओळखलें होतें.

चौथा अर्थ सत्ता व पद, आणि याच अर्थाच्या द्वारें हा शब्द दुसऱ्या शब्दांच्या शेपटास जोडला गेला. राजाचा 'डोम' तें 'किंग्डम', शहाण्याचा तें 'विस्डम', स्वतंत्र माणसाचा तें 'फ्रीडम'. रक्तसाक्ष्याच्या मरणाला 'मार्टर्डम' म्हणतात तेंहि यांतलेंच. जुन्या इंग्रजींत वैद्याच्या उपायाला 'लॅचेडोम' म्हणत, तर पवित्र स्थानाला आणि ज्यांवर हात ठेवून शपथ घेत त्या संतांच्या अवशेषांना 'हालिगडोम'. आणि 'क्रिस्टेंडोम' या शब्दाचा अर्थ आरंभीं ख्रिस्ती देशांचा समूह असा नसून ख्रिस्ती असणें, ख्रिस्ती श्रद्धा, एवढाच होता. राज्य, शहाणपण, स्वातंत्र्य, औषध, पावित्र्य आणि श्रद्धा या साऱ्यांच्या अंगावर ज्या एका शब्दाचें लेणें होतें, तोच शब्द आज एकटा उच्चारला कीं माणसें दचकतात!

पांचवा अर्थ कीर्ति. सुमारें इ. स. १००० मध्यें नकललेल्या एकाच हस्तलिखितांत वांचलेलें 'बेओवुल्फ' नांवाचें ३१८२ ओळींचें एक जुनें इंग्रजी वीरकाव्य आहे. त्यांत मरणापूर्वी मिळवून ठेवण्याजोगें जें वीराचें धन, त्याला 'डोम' म्हटलें आहे. म्हणजे मागें राहिलेल्या लोकांनीं त्याच्याविषयीं केलेला निवाडा, त्याचें नांव. पण त्याच काव्यांत वृद्ध राजा बेओवुल्फ घायाळ होऊन प्राण सोडतो तेव्हां, त्याचा आत्मा सत्यनिष्ठांचा 'डोम' शोधण्यास निघाला, असें कवि सांगतो. येथें 'डोम' म्हणजे सत्यनिष्ठांना मिळणारें वैभव, कीं सत्यनिष्ठांचा होणारा न्याय? विद्वानांत याविषयीं आजतागायत वाद आहे. आम्हांस मात्र या वादांतच मोठा बोध दिसतो. त्या कवीच्या भाषेंत न्याय आणि वैभव यांस एकच शब्द होता. म्हणून एकाच्या शोधांत निघालेला आत्मा दुसऱ्याच्याहि शोधांत निघालेला असे.

बंधुभगिनींनो, या शब्दाचा खरा अभिमान ज्यांनीं राखला अशा दोन पुरुषांची आठवण आतां करूं. एक मठवासी होता, दुसरा राजा.

मठवासी म्हणजे वर सांगितलेले संत बीड. वयाच्या सातव्या वर्षापासून ते मठांत वाढले आणि इंग्लंडच्या उत्तरेस जॅरोच्या मठांत अभ्यास, अध्यापन व लेखन करीत त्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें. ७३५ सालीं प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या सुमारास त्यांचा अंतकाळ आला. त्या वेळीं ते संत योहानाच्या शुभवर्तमानाचें इंग्रजी भाषांतर सांगत होते; एक वाक्य उरलें आहे, असें लेखनिक मुलानें सांगतांच तेंहि त्यांनीं पुरें करविलें, असें त्यांचे शिष्य कथबर्ट यांनीं पत्रांत लिहून ठेवलें आहे. त्याच पत्राबरोबर बीडांच्या ओठीं असलेली पांच ओळींची एक इंग्रजी कविता जगाला मिळाली. तिचा भावार्थ असा कीं, त्या अटळ प्रवासास निघण्यापूर्वी मरणदिनानंतर आपल्या आत्म्याचें बरें कीं वाईट ठरेल याचा विचार ज्यानें केला, त्याहून शहाणा कोणी नाहीं. त्या कवितेचा शेवट ज्या क्रियापदानें होतो तें 'डोम' शब्दाचेंच लेंकरूं आहे. पोप तेरावे लिओ यांनीं १८९९ सालीं ज्यांना चर्चचे आचार्य म्हणून घोषित केलें, त्या महापंडिताच्या मरणशय्येवर हा शब्द होता. परंतु मरणाच्या दारांत असा शब्द उच्चारणारा हा मनुष्य घाबरून थिजला नव्हता; तो शुभवर्तमानाचें एक उरलेलें वाक्य पुरें करीत होता.

राजा म्हणजे वेसेक्सचा आल्फ्रेड, ज्यानें ८७१ पासून ८९९ पर्यंत राज्य केलें. ८७८ सालीं विल्टशायर परगण्यांत एडिंग्टन येथें त्यानें डेन लोकांचा पराभव केला. त्यांचा सेनानी गुथ्रम हातीं लागला असतां आल्फ्रेडानें त्याचा शिरच्छेद केला नाहीं. तीन आठवड्यांनीं गुथ्रम आपल्या तीस प्रमुख सोबत्यांसह बाप्तिस्म्यास आला आणि आल्फ्रेड स्वतः त्याचा धर्मपिता झाला. पुढें याच राजानें आपल्या राज्याचें कायद्याचें पुस्तक सिद्ध केलें. अशा पुस्तकाला त्या काळीं 'डोमबोक' म्हणत. त्याच्या आरंभीं त्यानें मोशेला मिळालेल्या दहा आज्ञा व निर्गम ग्रंथांतील नियम इंग्रजींत घातले. मागून यरुशलेमेहून प्रेषितांनीं पाठविलेलें पत्र घातलें. आणि त्यास जोडून, जें आपल्याशीं कोणीं करूं नये असें वाटतें तें आपण दुसऱ्याशीं करूं नये, हा नियम सांगितला. त्यावर राजानें जें भाष्य केलें त्याचा आशय आपण ऐकून ठेवावा. या एकाच 'डोमा'चा नीट विचार केला तर प्रत्येकाचा योग्य न्याय करतां येईल, दुसऱ्या कोणत्याहि 'डोमबोक'ची गरज उरणार नाहीं. दुसऱ्याचा निवाडा करतांना, तो आपला निवाडा करीत असता तर आपण कसा मागितला असता, एवढेंच पाहावें. कायद्याचें पुस्तक लिहिणाऱ्या राजानेंच, या एका वाक्यापुढें माझें पुस्तक नको, असें म्हणावें, याहून मोठी न्यायबुद्धि कोणती?

येथपर्यंत शब्दाच्या भाग्याचा काळ झाला. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें आणि दरबारांत फ्रेंच भाषा आली. १०८५ च्या नाताळांत ग्लॉस्टर येथें विल्यमनें आपल्या राज्याची मोजणी करण्याचें ठरविलें. १०८६ सालीं गांवोगांव माणसें पाठवून जमीन कोणाची, नांगर किती, गिरण्या किती, याची नोंद झाली. एक बैल, एक गाय, एक डुक्करहि सुटलें नाहीं, अशी त्या काळच्या इतिवृत्तकारानें तक्रार केली आहे. तेरा हजारांहून अधिक ठिकाणांची ही नोंदवही लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांत अद्याप आहे. तिला लोकांनीं नांव दिलें 'डूम्सडे बुक', म्हणजे अंतिम न्यायदिनाची वही. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानें ११७९ च्या सुमारास याचें कारण लिहून ठेवलें आहे : अंतिम न्यायाप्रमाणेंच या वहींतील निर्णयावर दाद मागतां येत नाहीं, म्हणून. पाहा, 'डोम' सांगणारी शेतकऱ्यांची सभा मागें पडली आणि जिच्यापुढें तोंड उघडतां येत नाहीं अशी राजाची वही पुढें आली. शब्द तोच, पण त्याचा चेहरा किती पालटला!

मग एकेक अर्थ घर सोडून गेला. कायद्याच्या जागीं डेन लोकांच्या भाषेंतून 'लॉ' हा शब्द त्यापूर्वींच आला होता. निवाड्याच्या जागीं फ्रेंचांचा 'जजमेंट' आला. कीर्तीच्या जागीं 'फेम', 'ऑनर', 'ग्लोरी' आले. 'डोम'चा उच्चारहि, 'मोना'चा 'मून' झाला त्या चालीनें, 'डूम' झाला. त्याच्यापाशीं राहिला तो केवळ शेवटच्या दिवसाचा न्याय. आणि सोळाशेंच्या सुमारास त्या न्यायांतूनहि न्याय निघून जाऊन नाश तेवढा शिल्लक राहिला.

या काळाची एक साक्ष इंग्लंडच्या जुन्या देवळांत आहे. मध्ययुगांत वेदीपुढील कमानीच्या वर, साऱ्या भाविकांच्या नजरेसमोर, अंतिम न्यायाचें चित्र काढीत असत, आणि त्या चित्रालाच 'डूम' म्हणत. मध्यभागीं इंद्रधनुष्यावर बसलेला प्रभु, त्याच्या उजवीकडे तारण पावलेले, डावीकडे दंड झालेले. सफक परगण्यांतील वेनहॅस्टन येथें फळ्यांवर रंगविलेल्या चित्रांत संत पेत्र राजा, राणी, बिशप व कार्डिनल यांचें स्वागत करीत आहे. चौघांच्याहि अंगावर वस्त्र नाहीं, डोक्यावरील मुकुट व टोपी यांवरूनच ते ओळखूं येतात. विल्टशायरमधील सॉल्झबरीच्या संत थॉमस चर्चमधील चित्रांत दंड झालेल्यांमध्यें एक मद्य विकणारी लबाड बाई दाखविली आहे. म्हणजे ज्या राजापुढें गांव वांकत होतें तो तेथें उघडा उभा होता, आणि जिच्या मापाविषयीं गरीब माणूस ब्र काढूं शकत नव्हता तिचा हिशेब तेथें चुकता होत होता. दुबळ्यांना या चित्राचा धाक जितका वाटत असेल तितकाच आधारहि वाटत असला पाहिजे.

धर्मक्रांतीच्या काळांत हीं चित्रें चुन्यानें झांकलीं गेलीं. सॉल्झबरीचें चित्र १५९३ सालीं पांढरें झालें आणि १८१९ मध्यें पुन्हां उजेडांत आलें. वेनहॅस्टनची हकीकत तर फारच बोलकी आहे. १८९२ सालीं देऊळ दुरुस्त करतांना त्या जुन्या पांढऱ्या फळ्या टाकाऊ म्हणून काढून आवारांत टाकल्या होत्या. रात्रीं पाऊस पडला, चुना धुऊन गेला, आणि सकाळीं पाहतात तों फळ्यांवर प्रभु, संत आणि माणसें पुन्हां प्रगट झालेलीं!

ज्या विल्टशायरांत आल्फ्रेडानें शत्रूला जिंकलें आणि जेथें सॉल्झबरीचें चित्र चुन्याखालीं गेलें, त्याच परगण्यांत १५४९ च्या सुमारास एका मुलाचा जन्म झाला. त्याचें नांव आपणां सर्वांस ठाऊक आहे : ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ सालीं ते गोमंतकांत उतरले, मराठी शिकले, आणि १६१६ सालीं रायतूर येथें त्यांचें पुराण छापून प्रसिद्ध झालें. आपली जन्मभाषा बाजूस ठेवून त्यांनीं तारणाची कथा आपल्या भाषेंत गाइली. त्या भाषेंत 'विधि' हा शब्द अजून आपल्या साऱ्या अर्थांसह नांदत आहे. देवळांतला विधि, कायद्याचा विधि आणि कपाळावर लिहिलेला विधि. पण सावध राहावें. आपण 'विधिलिखित' म्हणून कपाळाला हात लावतों, तेव्हां याहि शब्दाला 'डूम'च्याच वाटेनें ढकलीत असतों. न्याय करणारा कोणी आहे आणि निवड करणारे आपण आहों, या दोन्ही गोष्टी विसरल्या कीं उरतें तें केवळ नशीब.

ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाहीं. मरणानंतर प्रत्येकाचा न्याय आणि युगाच्या अंतीं सर्वांचा न्याय, हें आपण विश्वासानें मानतों. पण तो न्याय करणारा कोण? जो आपल्यासाठीं क्रुसावर मेला तोच. आणि तो विचारणार काय? संत मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत तें स्पष्ट आहे : भुकेल्याला जेवूं घातलें काय, परक्याला घरांत घेतलें काय, बंदिवानाला भेटलां काय. ज्यानें जन्मभर अन्याय सोसला त्याला त्या दिवसाचें भय काय म्हणून वाटावें? त्याची तर कैफियत प्रथमच ऐकली जाणार आहे. भय वाटावें तें ज्यानें दुसऱ्यांचे खोटे निवाडे केले त्याला. आणि येथें, बंधुभगिनींनो, हा विषय इंग्लंडांतून उठून आपल्या अंगणांत येऊन बसतो.

कारण निवाडे आपणहि रोज करीत असतों. वीतभर बांधासाठीं सख्खे भाऊ एकमेकांचीं तोंडें पाहत नाहींत, आणि रविवारीं एकाच देवळांत दोन टोकांस बसून तोच विश्वासांगिकार म्हणतात. अमक्याची मुलगी कशी, तमक्याच्या घरीं पैसा कोठून आला, याचा निकाल आपण ओटीवर बसल्या बसल्या लावतों. साक्षीदार नाहीं, पुरावा नाहीं, आणि दाद मागण्याची सोय तर मुळींच नाहीं. विल्यम राजाच्या वहीसारखाच हा निकाल. लहान वयांत एखाद्या मुलाच्या हातून कांहीं चूक घडली, तर तो चाळीस वर्षांचा होईपर्यंत गांव त्याची ती चूक पुसूं देत नाहीं. एथेलबर्टाच्या कायद्यांत निदान सहा शिलिंग भरले म्हणजे दांताचें प्रकरण मिटत होतें!

आज आपण ज्युबिली साजरी करीत आहों. 'ज्युबिली' हा शब्द 'योबेल' या हिब्रू शब्दापासून आला. त्याचा अर्थ मेंढ्याचें शिंग. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत देवानें आज्ञा केली कीं, पन्नासाव्या वर्षीं प्रायश्चित्ताच्या दिवशीं तें शिंग साऱ्या देशभर फुंकावें. विकलेली जमीन ज्याच्या कुळाची त्याला परत मिळावी, आणि दारिद्र्यानें दुसऱ्याच्या घरीं राबणारा भाऊ मोकळा होऊन आपल्या माणसांत जावा. ज्याला त्याला त्याच्या ठिकाणीं पुन्हां ठेवणें, हेंच तें शिंग सांगत होतें. 'डोम' शब्दाचा जो आद्य अर्थ, ठेवणें आणि स्थापणें, तो याहून निराळा काय आहे? अंतिम दिवशींहि कर्णा वाजेल असें संत पौल लिहितात. ज्यानें ज्युबिलीचें शिंग ओळखलें, त्याला तो कर्णा अनोळखी वाटणार नाहीं.

म्हणून आमची आपणांस एकच विनंति आहे. हीं रोषणाई, हे पताके, हें मिष्टान्न सारें शोभून दिसतें. पण या ज्युबिलीच्या वर्षांत प्रत्येक घरानें आपण दिलेला एक जुना निकाल पुन्हां तपासावा. ज्या भावाशीं बोलणें सोडलें त्याच्या दारीं जावें. ज्याच्यावर गांवानें शिक्का मारला त्याला एकदां विचारावें, बाबा, तुझें म्हणणें काय? आणि निवाडा करण्यापूर्वी आल्फ्रेड राजाची ती कसोटी लावावी : मी त्याच्या जागीं असतों तर कसा न्याय मागितला असता? असें झालें तर आपल्या धर्मग्रामाच्या भिंतीवर नवें चित्र काढण्याची जरूर पडणार नाहीं. न्यायाच्या दिवशीं प्रभु ज्यांना आपल्या उजवीकडे बोलावील, ते आजच एकमेकांच्या शेजारीं बसलेले दिसतील.

परमेश्वर आपणां सर्वांस योग्य न्याय करण्याची बुद्धि व न्याय सोसण्याचें धैर्य देवो, हीच प्रार्थना.